नंदाखालच्या बावखलात एक डुबकी

"प्रोजेक्ट बघायला आलोय," एवढंच निखिल वसई स्टेशनबाहेर रिक्षावाल्याला म्हणाला, आणि रिक्षा थेट एव्हरशाईन सिटीतल्या एका नव्या इमारतीच्या सॅम्पल फ्लॅटपाशी थांबली. तिथल्या मुलीने गार पाणी दिलं, किचनचे कप्पे उघडून दाखवले आणि विचारलं, "टू बीएचके ना, मॅडम?" आम्ही दोघं पीएच.डी.च्या पहिल्या वर्षाला, फेलोशिपवर जगणारे. बाल्कनी मात्र मनसोक्त बघून घेतली!

आमचा प्रोजेक्ट होता पश्चिमेला, नंदाखालला. पूल ओलांडला आणि थोड्या वेळाने इमारती मागे पडून केळी-नारळीच्या बागा सुरू झाल्या. मी सांगलीच्या उसात वाढलेली. प्रत्येक बावखल (बागेला पाणी देणारं लहानसं तळं) दिसलं की "ते बघ!" म्हणून ओरडत होते. निखिलने शेवटी कानात बोटं घातली.

फिलोमिना मावशी फाटकातच उभ्या होत्या. त्या इथल्या बागायतदारांच्या गटाच्या प्रमुख. गटाने डिझेलचे पंप काढून सौरपंप बसवले होते. ऊन फुकट, म्हणून जो तो दिवसभर पाणी उपसायला लागला आणि जमिनीखालून खारं पाणी वर सरकू लागलं. मग प्रत्येक बावखलात एक डबी सोडली. ती पाण्यातला खार मोजते आणि आकडा मालकाच्या फोनवर पाठवते. हे आकडे सगळ्यांनी सगळ्यांना दाखवायचे का आणि पंप पाळीपाळीने चालवायचे का, हे त्या बुधवारी ठरायचं होतं. माणसं अशा गोष्टी एकत्र कशा ठरवतात, हाच आमचा अभ्यास.

अंगणात खुर्च्या भरल्या आणि बस्त्याव काका उभे राहिले. "माझ्या बावखलातलं पानी माझं. आकडा गावाला कशाला?"

"जमिनीच्या खाली कुंपन नाय, बस्त्याव," मावशी म्हणाल्या.

"माझं गोड आहे. चला, दाखवतो!"

अख्खी सभा त्यांच्या बागेत निघाली. मी फोटो घ्यायला सगळ्यांच्या पुढे. शेवाळलेल्या पायरीवर पाय ठेवला, आणि पायरी राहिली मागेच. धप्पकन मी बुडाले, तळाच्या चिखलाला हात लावून वर आले. पाणी छातीएवढंच होतं, पण चांगला घोटभर पोटात गेलं होतं.

"शी! खारट!"

काठावरचा हशा थांबला. काकांच्या फोनवर तर गोड पाण्याचा आकडा होता. निखिलने डबीची दोरी ओढून पाहिली. डबी पाण्याखाली जेमतेम वीतभर लटकत होती. गोडं पाणी वर तरंगतं, खारं तळाशी राहतं.

मला हात देऊन वर काढणारे काकाच होते. माझा हात न सोडताच ते म्हणाले, "दोरी मीच आखडून बांधली. दोन महिने झाले, केळीची पानं कडेनं करपतायत. लोक म्हनतील, बस्त्यावची बाग गेली."

 मावशी म्हणाल्या, "माझीपन करपतायत रे. मी कुठे कोनाला सांगितलं?"

मागून आणखी एक हात वर झाला. मग आणखी दोन. आम्हाला वाटलं होतं, निदान तीन सभा लागतील. अर्ध्या तासात डब्या तळाशी सोडायचं ठरलं, आकडे सगळ्यांसाठी खुले झाले आणि पंपांच्या पाळ्यासुद्धा लागल्या. पहिली पाळी कुणाची यावर कडाक्याचं भांडण झालं, ते वेगळंच.

दुपारी मी मावशींचा फुलाफुलांचा गाऊन घालून बोंबलाचं कालवण आणि फुगे (गोल, तळलेले गोडसर पाव) हाणत होते. माझा फोन तांदळाच्या डब्यात वाळत पडला होता. निखिल माझ्याकडे बघायचा आणि त्याला ठसका लागायचा. काकांनी केळीचा एक फणा माझ्या मांडीवर ठेवला आणि जेवायला बसले.

पुण्याला परतल्यावर गाईड मॅडमनी पहिलाच प्रश्न विचारला, "तिथे लोकांचा एकमेकांवर विश्वास कधी बसायला लागला?"

विश्वास हळूहळू बसतो, असं मीच माझ्या प्रस्तावात दोन पानं लिहिलं होतं. ते खोटं नसेलही. माझं पडणं निव्वळ वेंधळेपणा होता. चारचौघांत खरं बोलायचं धाडस काकांचं.

"बुधवारी," मी म्हटलं. "जेवणाच्या जरा आधी."