छातीच्या फोटोतली डबी

मुरुमच्या भुसार बाजारात खोकल्याची चौकशी कोणी करत नाही. तूर किंवा हरभरा चाळणीवर पडला की पिवळट धुरळा उठतो. तो पत्र्यावर, काट्यावर आणि माणसांच्या भुवयांवर बसतो. सोयाबीनचा हंगाम सुरू झाला की अख्खा बाजार खाकरत असतो. त्यावरचा उपायही ठरलेला आहे. संध्याकाळी शटर ओढण्याआधी प्रत्येक हमालाच्या हातावर गुळाचा खडा ठेवायचा. गुळानं छाती धुऊन निघते, असं इथं मानतात. घशाला बरं वाटतं, एवढं खरं. अन्नाची नळी वेगळी आणि श्वासाची वेगळी, त्यामुळं गूळ फुप्फुसांपर्यंत पोचत नाही. हे सांगून आमच्या दुकानातला गूळ बंद झाला नाही.

दुकान वडिलांचं, आडतीचं. घरात त्यांना सगळे अप्पा म्हणतात. सत्तरी ओलांडली तरी ते रोज सकाळी गादीवर बसतात. त्यांना खोकला सुरू झाला तेव्हा तो बाजाराचा खोकला आहे, याबद्दल कोणाला शंका नव्हती. मुकादमाला तर नव्हतीच. मुकादम म्हणजे आमच्या दुकानावरच्या हमालांचा म्होरक्या. अप्पांहून थोडा लहान, आणि तरुणपणापासून पाठीवर पोतं नि ओठात बिडी. त्याच्या फुप्फुसांचा आजार तपासून नक्की झालेला होता. डॉक्टरांनी त्याला एका यंत्राच्या नळीत जोरानं फुंकायला लावलं होतं. श्वासाच्या नळ्या आतून सुजून अरुंद झाल्या आहेत, हवा आत जाते पण पुरती बाहेर पडत नाही, असं त्याला सांगितलं होतं. खिशात तोंडानं औषध ओढायचा निळा पंप असायचा. पोती उचलणं त्यानं सोडलं होतं, बिडी सोडली नव्हती.

"मालक, तुमचा खोकला माझ्यावर गेलाय," तो म्हणायचा.

"तुझ्यावर कसा जाईल? मी बिडीला हात लावला नाही कधी."

"हात न्हाय लावला, पर जलमभर माझ्या शेजारी बसलाव की. फुकटचा धूर लई बाधतो."

गावातल्या डॉक्टरांनी अप्पांनाही पंप दिला आणि खोकल्याचं औषध लिहून दिलं. आठवडाभर बरं वाटायचं, मग पहिल्यासारखं व्हायचं.

त्याच काळात आणखी दोन गोष्टी घडत होत्या. त्यांचा खोकल्याशी संबंध आहे, असं घरात कोणाला वाटलं नाही. पहिली म्हणजे, अप्पांनी दुकानातला एक लोड घरी आणला आणि ते त्याला टेकून झोपू लागले. आडवं पडलं की खोकल्याची उबळ येते, बसलं की थांबते, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. मुकादमानं त्यावर दुकानात सगळ्यांना ऐकवलं, "मालक आता खरे शेठ झाले. झोपेतबी गादीवरच बसत्यात." तो स्वतः दुपारी पोत्यांच्या थप्पीवर सपाट पडून घोरायचा. दोघांचा खोकला एक, मग एकाला आडवं पडता येतं आणि दुसऱ्याला का येत नाही, हा प्रश्न विचारण्यासारखा होता. तो विचारला गेला नाही.

दुसरी गोष्ट पायांची. संध्याकाळपर्यंत चपलेचा पट्टा पायात रुतायचा. दिवसभर मांडी घालून बसल्यानं पाय जड होतात, असं अप्पांनी ठरवलं आणि मोठ्या मापाची चप्पल आणली. धोतराखाली घोट्यांकडं कोणाचं लक्ष जात नसे. डॉक्टरांना त्यांनी पाय दाखवले नाहीत. नंतर आईनं जाब विचारला तेव्हा त्यांचं उत्तर सरळ होतं. खोकल्यासाठी गेलो होतो, त्याला पाय कशाला दाखवू?

खोकला थांबेना तेव्हा डॉक्टरांनी छातीचा फोटो काढायला सांगितलं. तो उमरग्याला काढला.

इथं अप्पांच्या गळ्यातल्या डबीबद्दल सांगायला हवं. आम्ही लिंगायत. लहानपणी दीक्षेत मिळालेलं इष्टलिंग अप्पांनी तेव्हापासून अंगावेगळं केलेलं नाही. ते चांदीच्या डबीत, जाड दोऱ्यानं गळ्यात, छातीच्या मध्याशी थोडं डावीकडं असतं. अंघोळीला, झोपेत, प्रवासात, सगळीकडं. लिंग अंगावरून उतरलं तर माणूस जिवंतपणी गेला, असं जुनी माणसं मानतात. अप्पा त्याच माणसांपैकी.

फोटो काढणाऱ्यानं सांगितलं, "काका, गळ्यातलं काढून ठेवा."

"हे निघत नाही."

"मग फोटोत येईल."

"येऊ दे. देवच हाय."

फोटोत ते आलं. काळ्या-करड्या छातीवर मधोमध एक पांढराशुभ्र गोल, कडा अगदी स्वच्छ. हृदयाची सावली नीट दिसत नाही, डबी काढून पुन्हा फोटो घ्यावा, असं सोबतच्या कागदावर लिहिलं होतं. गावातले डॉक्टरही तेच म्हणाले. अप्पांनी दोन्ही ऐकलं आणि फोटो कपाटात ठेवला. त्यांचा युक्तिवाद असा होता की आजार फुप्फुसांचा आहे आणि फुप्फुसं तर दिसली आहेत. उरलेल्या जागेत देव बसला आहे, तिथं काय बघायचं?

हंगाम संपेपर्यंत हे असंच चाललं.

बदल आईच्या लक्षात आला. घरापासून दुकान हाकेच्या अंतरावर आहे. अप्पा मुळात कमी बोलणारे. रस्त्यात कोणी नमस्कार केला तर मान हलवून पुढं जाणारे. आता ते दर थोड्या अंतरावर थांबू लागले. पानवाल्याशी बोलायचे, शिंप्याला त्याच्या मुलाचं विचारायचे, बंद दुकानाची पाटी वाचत उभे राहायचे. गावात कौतुक झालं, अप्पा म्हातारपणी माणसाळले. आई गच्चीवरून पाहत होती. मी बाहेरगावी असतो. ती मला फोनवर म्हणाली, "गप्पा न्हाईत त्या. दम खायला थांबत्यात. तू ये आणि सोलापूरला ने."

सोलापूरच्या डॉक्टरीणबाईंनी फोटो बघण्याआधी अप्पांचे पाय बघितले. घोट्याच्या वर अंगठ्यानं दाबलं. बोट उचललं तरी खळगा तसाच राहिला. मग त्यांनी विचारलं, झोपताना उशा किती घेता?

"उशी न्हाय. लोड घेतो."

त्यांनी अप्पांच्या छातीला पाठीमागून बराच वेळ नळी लावली. नंतर उमरग्याचा फोटो उजेडावर धरला. म्हणाल्या, "अप्पा, यात फुप्फुसं दिसतात. हृदयाच्या जागी डबी दिसते. मला दुखणं हृदयाचं वाटतंय. फोटो पुन्हा काढू, ईसीजीची पट्टी काढू आणि टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करू. गळ्यातलं सगळं काढून तिथं टेबलावर ठेवा."

अप्पा उठले आणि बाहेर जाऊन बाकावर बसले.

बाहेर जे बोलणं झालं ते हळू आवाजात झालं, पण बाकावरच्या सगळ्यांनी ऐकलं.

"टेबलावर," अप्पा म्हणाले. "देव टेबलावर ठेवायचा. चष्म्याच्या शेजारी."

"मग कुठं ठेवायचा?" आईनं विचारलं.

"ठेवायचाच न्हाय. हे उतरलं की मी गेलो, असं समज."

"न्हाय उतरलं तरी जाणारच की. चालतंय व्हय तुम्हाला?"

"मठातल्या स्वामींना विचारतो आधी. फोन लाव."

"विचारा. एका दमात विचारून होतंय का बघा."

 आईनं पिशवीतून पाण्याची बाटली काढली, स्वतः प्याली, आणि मग अगदी साध्या आवाजात विचारलं, "रोज सकाळी पूजेला लिंग डबीतनं काढून कुठं घेता?"

"डाव्या तळहातावर."

"तळहात तुमचा हाय का शेजाऱ्याचा?"

अप्पांनी डावा तळहात उघडून पाहिला.

"तासभर हातावर असतंय. तेवढ्या वेळात मेला न्हाईत कधी. आताबी हातावर घ्या. डबी आणि दोरा माझ्याकडं द्या."

"ही पूजेची वेळ न्हाय."

"साकु!" आई म्हणाली. तिचं माहेर सीमेपलीकडचं. पुरे म्हणायची वेळ आली की ती कन्नडमध्ये म्हणते, आणि त्यानंतर घरात कोणी वाद घालत नाही. शेजारी बसलेल्या, कर्नाटकातल्या आळंदच्या एका म्हाताऱ्यालाही शब्द कळला. तो अप्पांना म्हणाला, "एळ्री, उठा. आमच्याकडंबी असंच असतंय."

फोटोच्या खोलीत अप्पा उघड्या छातीनं उभे राहिले. त्यांना तसं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. छातीवर डबीच्या जागी कातडीचा एक फिकट गोल होता. लिंग डाव्या मुठीत होतं. हात कमरेवर ठेवायचे असतात, म्हणजे मूठ छातीपासून दूरच. फोटो काढणाऱ्यानं मुठीकडं पाहिलं. त्यानं श्वास आत ओढून धरायला सांगितला. अप्पांना धरता आला नाही, खोकला आला. पुन्हा प्रयत्न केला. तिसऱ्यांदा जमलं. पट्टी आणि इको होईपर्यंत मूठ उघडली नाही. इकोसाठी डाव्या कुशीवर झोपावं लागलं, तेव्हा ती त्यांनी गालाशी धरली.

नव्या फोटोत हृदय दिसलं. असायला हवं त्यापेक्षा ते रुंद होतं, आणि फुप्फुसांच्या तळाशी, जिथं काळं असायला हवं, तिथं धुरकट पांढरं होतं.

डॉक्टरीणबाईंनी एका कागदाच्या पाठीमागं आकृती काढून सांगितलं. हृदय म्हणजे एका भिंतीला लागून बांधलेले दोन पंप. उजवा पंप अंगभर फिरून आलेलं रक्त फुप्फुसांकडं ढकलतो. तिथं ते हवेतला प्राणवायू घेतं, कर्बवायू सोडतं आणि डाव्या बाजूला येतं. डावा पंप ते डोक्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत पाठवतो. अप्पांचा रक्तदाब कितीतरी वर्षं वाढलेला होता आणि त्याची गोळी ते आठवेल तेव्हा घेत. त्या दाबाविरुद्ध काम करून करून डावी बाजू ताणली गेली होती, थकली होती. आलेलं सगळं रक्त तिला पुढं लोटता येत नव्हतं. ते मागं, फुप्फुसांत तुंबत होतं, आणि त्यातलं पाणी हवेच्या जागेत झिरपत होतं. तुंबणं उजव्या बाजूपर्यंत पोचलं की पायांत पाणी उतरतं. आडवं पडलं की ते साठलेलं पाणीही वर येतं, म्हणून बसावं लागतं.

अप्पांनी आकृती दुकानात तुरीचा नमुना बघावा तशी जवळ घेऊन बघितली.

"म्हणजे आवक चालू हाय, उठाव न्हाय," ते म्हणाले.

डॉक्टरीणबाईंना 'उठाव' हा शब्द नवा होता. माझ्याकडं बघून त्यांनी अर्थ विचारला. मी सांगितला. बाजारात माल येत राहिला आणि खरेदीदार उचलेना, तर पोती आधी दुकानात, मग ओट्यावर, मग रस्त्यावर साठतात. त्या म्हणाल्या, बरोबर. फुप्फुसं हा तुमचा ओटा.

गावात आल्यावर मुकादमानं सगळं ऐकून घेतलं आणि आपल्या पद्धतीनं निकाल दिला. "माझी पाईपलाईन बुजलीया. मालकाची मोटार कमी पडतीया. शेतात पाणी न्हाय म्हणजे न्हायच, पर दुरुस्ती येगळी." याहून नेमकं मला लिहिता आलं नसतं. दोघांची औषधं पुढं वेगळी झाली. अप्पांना लघवी वाढवणारी गोळी, हृदयाचा भार हलका करणाऱ्या गोळ्या, मीठ कमी. लोड एका पंधरवड्यात दुकानात परत गेला. जुनी चप्पल पुन्हा बसू लागली. हृदय पूर्ववत झालेलं नाही. होणार नाही, असं डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं. ते सांभाळायचं असतं. मुकादमानं बिडी कमी केली आहे. सोडली असं तो म्हणतो, पण ते खरं नाही.

एक काम रोजचं लागलं. सकाळी खाण्याआधी वजन करायचं. ते एकदोन दिवसांत झपाट्यानं वाढलं, तर ती चरबी नसते, पाणी असतं. लगेच फोन करायचा. घरी वजनकाटा नव्हता. दुकानात पोती मोजायचा मोठा इलेक्ट्रॉनिक काटा आहे. त्यामुळं अप्पा उपाशीपोटी दुकानात येतात आणि पहिलं पोतं चढण्याआधी स्वतः काट्यावर चढतात. हमालांना याची सवय झाली आहे. कोणी विचारतो, "मालक, आज भाव काय निघाला?" कोणी ओलावा किती ते विचारतो.

गेल्या महिन्यात सास्तूरला एक लग्न होतं. जेवणात हुग्गी, म्हणजे गव्हाची गोड खीर होती, ती त्यांना चालते. सोबत लोणचं, पापड आणि शेंगाचटणी होती, ती मिठामुळं चालत नाहीत. आई बायकांच्या पंगतीत होती. दोन दिवसांनी सकाळी मी दुकानात होतो. अप्पा काट्यावर चढले आणि आकड्याकडं जरा जास्त वेळ बघत राहिले.

मुकादम वाकून बघत म्हणाला, "मालक, वाढलंय की. बारदानाची कट धरली का? रिकाम्या पोत्याचं वजन वजा करत्यात तशी. ती चांदीची डबी जड असंल."

सगळे हसले. अप्पा हसले नाहीत. त्यांनी छातीवरची डबी हातानं चाचपली.

"डबी रोज तेवढीच असते," ते म्हणाले. "वाढलंय ते माझं."

ते काट्यावरून उतरले, गादीवर बसले, धोतर घोट्यापासून वर केलं आणि स्वतःच अंगठ्यानं दाबून पाहिलं. खळगा राहिला. मग सगळ्यांसमोर पाय तसेच उघडे ठेवून ते मला म्हणाले, "बाईंना फोन लाव. पायांचंबी मीच सांगतो."