सुट्टा हात

कुणी नवा फोन घेऊन समोर आलं की रामटेके काकाजी म्हणत, "उलीसा पाहू द्या." मग तो फोन ते डाव्या हातात उभा धरत, चार बोटांनी मागून आवळत आणि अंगठा सरकवत सरकवत वरच्या पलीकडच्या कोपऱ्याकडे नेत. ताणून ताणून अंगठ्याचं टोक पांढरं पडे, फोन तळव्यावर डुगडुगे आणि मालकाचा जीव खालीवर होई. शेवटी फोन परत देत काकाजी म्हणत, "चांगला हाय. पन पोचून नाही राहिला." किंमत, कॅमेरा, कंपनी यांतलं काहीही त्यांनी कधी विचारल्याचं मला आठवत नाही.

माझी त्यांच्याशी ओळख अशीच झाली. भंडाऱ्याकडच्या जवाहरनगरपासून जवळच, तिथल्या दारूगोळ्याच्या कारखान्यातून निवृत्त झालेल्या लोकांनी घरं बांधलेल्या एका गल्लीत त्यांचं घर होतं. कनिष्ठ महाविद्यालयात नोकरी लागली म्हणून मी त्यांची वरची खोली भाड्याने घेतली. सामान चढवून खाली आले तेव्हा त्यांनी आधी नाव विचारलं, मग गाव, मग जेवण झालं का ते, आणि मग माझ्या हाताकडे पाहून म्हणाले, "फोन मोठा वापरून राहिली बेटा. पाहू." माझाही फोन नापास झाला.

सगळी परीक्षा डाव्या हातानेच का, हे त्याच संध्याकाळी कळलं. काकाजींचा उजवा हात काकूंच्या डाव्या हातात असायचा. सुशीलाकाकू जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होत्या. काचबिंदूने त्यांची नजर हळूहळू गेली आणि निवृत्तीनंतर एक-दोन वर्षांत फक्त उजेड-अंधार तेवढा कळायचा राहिला. तेव्हापासून घराबाहेर पाऊल टाकलं की काकाजी हात धरत आणि परत उंबऱ्यात आल्यावरच सोडत. रस्त्याने ते त्यांना सगळं सांगत चालायचे. "मॅडम, शिंगाडेवाली बसली हाय. हिरवे हायेत, ताजे." सगळ्या गल्लीसमोर ते बायकोला मॅडमच म्हणत.

त्यांच्या वयाची माणसं आमच्याकडे बायकोच्या चार पावलं पुढे चालतात. कारखान्यातले त्यांचे जुने सोबती चिडवायचे. "काय रामटेके, बुढापात हात पकडून फिरून राहिला?" काकाजी हात न सोडता सांगत, "जवानीत ड्युटी होती बाप्पा. टाइम कुठं भेटला?"

त्यांच्याकडे पूर्वी एक लहानसा फोन होता. मुठीत मावणारा. चालता चालता फोन उचलणं, औषधाच्या दुकानात विचारणं, ऑटोवाल्याला बोलावणं, सगळं ते एका अंगठ्याने करायचे. त्याची बॅटरी फुगली, पाठ उघडली आणि दुरुस्तीवाल्याने हात टेकले. पुण्याहून त्यांचा मुलगा मिलिंद आला तो ऐसपैस पडद्याचा नवा फोन घेऊन. "बाबा, अक्षरं मोठी दिसतील. तुमचे डोळे तरी सांभाळा." मुलाचं काही चुकलं नव्हतं, काकाजी चष्म्यातूनसुद्धा डोळे बारीक करून वाचत. पण तो फोन त्यांच्या हातात भाकरीच्या तव्यासारखा दिसे. मिलिंदने एका हाताने वापरायची सोय चालू करून दिली. खाली बोट ओढलं की अख्खा पडदा अर्ध्यावर उतरायचा. काकाजी बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "अर्ध्यातच भागते, तं एवढा मोठा बनवला कायले?" मग फोनच्या पाठीवर बोट अडकवायची कडी चिकटवली. त्यांचं जाड बोट तिच्यात गेलं, ते तेल लावूनच बाहेर निघालं.

अशात एक दिवस दोघं कारध्याला नातेवाइकाकडे बारशाला गेली. परतताना नदीच्या पुलाच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला ऑटोची वाट पाहत उभी होती. मिलिंदचा व्हिडिओ कॉल आला. काकाजींनी तो अंगठ्याने कसाबसा उचलला. पडद्यावर नातू, डोक्यावर कागदी टोपी, आजोबांना हाका मारत. काकाजी फोन नीट धरायला गेले, तो निसटायला लागला. "मॅडम, इथंच उभी राह्य, हालू नको," असं म्हणून त्यांनी काकूंचा हात सोडला आणि फोन दोन्ही हातांत धरला. मागून एका गाडीचा हॉर्न वाजला. अगदी अंगावर आल्यासारखा. काकू दचकून बाजूला झाल्या आणि रस्त्याची कड जिथे संपत होती तिथून खाली गेल्या. उजव्या हातावर पडल्या. मनगट मोडलं.

मिलिंदला काकाजींनी फोनवर सांगितलं, "पाय सरकला तिचा." प्लास्टर घालून आणल्यावर मी खाली गेले तेव्हा काकू झोपल्या होत्या आणि काकाजी ओसरीवर बसले होते. फोन कपाटात ठेवून दिला होता. माझ्याकडे न पाहता ते म्हणाले, "काहून सोडला मी, बेटा? पोट्टा दिसून राहिला होता, एवढंच. दोन मिन्टात काय होते, वाटलं."  

त्यानंतर लहान फोनचा शोध सुरू झाला. भंडाऱ्यातली दुकानं झाली. एका रविवारी मी त्यांना नागपूरला घेऊन गेले. घरी काकूंजवळ त्यांची बहीण बसली होती, म्हणून काकाजींचे दोन्ही हात त्या दिवशी मोकळे होते, आणि त्यांचं काय करावं हे त्यांना सुचत नव्हतं. कधी खिशात, कधी पाठीमागे. दुकानदार एकामागून एक डबे उघडत होता. काकाजी प्रत्येक फोन डाव्या हातात धरत, अंगठा ताणत, परत ठेवत.

"काका, आता याच्याहून लहान येतच नाही," दुकानदार वैतागला. "लोकाईले पिक्चर पाहाले मोठाच लागते. आन् दोन हात हायेत ना देवानं देलेले? दोन्ही हातानं वापरा."

"हात दोन हायेत," काकाजी शांतपणे म्हणाले. "पन सुट्टा एकच हाय."

दुकानदाराला ते कळलं नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी काही समजावायच्या आत काकाजी दुकानाच्या पायऱ्या उतरले होते.

प्लास्टर निघालं तेव्हा काकूंचं मनगट काडीसारखं झालं होतं. डॉक्टरांनी मूठ उघडायची-मिटायची कसरत सांगितली आणि हातात थोडं थोडं वजन धरायला सांगितलं. काकाजींनी लगेच मनावर घेतलं. सकाळी वाटी धरायला देत, दुपारी लाटणं, संध्याकाळी पाण्याने अर्धा भरलेला गडू. आठवडाभर काकूंनी ऐकलं. मग एका संध्याकाळी फिरायला निघताना त्या दारातच थांबल्या.

"कपाटातला तो फोन आणा."

"कायले?"

"वजनदार हाय म्हनता ना? द्या माह्या हातात."

"पडला तं?"

"पडला तं पडला. तुमचा एक हात सुट्टा, माहा एक सुट्टा. मी धरते, तुमी दाबा. सोडाचं कोनाले कोनाचं काम नाही." आयुष्यभर वर्गातल्या पोरांना गप्प करत आलेला तो आवाज होता. काकाजी निमूटपणे आत गेले आणि फोन घेऊन आले.

पुढची दोन वर्षं आमच्या गल्लीने ते दृश्य रोज पाहिलं. फोन वाजला की दोघं कडुनिंबाखाली थांबत. काकू उजवा तळहात छातीसमोर धरत, त्यावर फोन, आणि काकाजी डाव्या हाताच्या एका बोटाने त्यावर टकटक करत. मधला हात तसाच धरलेला. भांडणंही तिथेच व्हायची.

"सरळ धर, मॅडम. छत दिसून राहिलं त्याले."

"झाडाखाली छत कुठलं? तुमचं बोट थरथरून राहिलं, माहा हात नाही."

पलीकडून मिलिंद ओरडत असे, "आई, वर कर फोन. बाबांच्या नुसत्या नाकपुड्या दिसताहेत!" तेव्हा काकू इतक्या हसत की फोन हलून पलीकडे काहीच दिसेनासं होई. दुसऱ्यांचे फोन मागून अंगठा ताणायची काकाजींची सवय त्या दिवसांत कधी सुटली, ते आमच्या लक्षातही आलं नाही. मोठी अक्षरं त्यांना आवडायला लागली होती. सकाळची बातमी ते ओसरीवर मोठ्याने वाचत आणि काकू मधूनमधून त्यांचे उच्चार सुधारत.

गेल्या हिवाळ्यात काकाजींच्या छातीत पाणी झालं. दवाखान्यात भेटायला गेले तेव्हा डाव्या हाताला सलाइन होतं. उजवा हात काकूंच्या हातात. काकूंचा दुसरा हात त्यांच्या कपाळावर. पांघरुणावर पडलेला फोन वाजायला लागला. मिलिंद निघाला होता, रस्त्यात होता. काकाजींनी माझ्याकडे पाहिलं आणि धापा टाकतच हसले.

"तू धर, बेटा. आज आमचे चारही कामात हायेत."

मी फोन धरला. ते मुलाशी थोडं बोलले. "सावकाश ये. घाई करू नको," एवढंच दोनदा म्हणाले. मिलिंद पोचला, भेट झाली. त्याच आठवड्यात काकाजी गेले.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे परतले. मिलिंदने आईला पुण्याला नेण्याचा खूप आग्रह केला. "उन्हाळ्यात येईन," असं सांगून काकूंनी त्याला वाटेला लावलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी कॉलेजातून आले तर त्या चपला घालून फाटकाशी उभ्या होत्या. मी पिशवी ओसरीवर टाकली, जवळ गेले आणि त्यांचा डावा हात हातात घ्यायला लागले. त्यांनी तो हळूच काढून घेतला.

"हात राहू दे, बाई," त्या म्हणाल्या. "कोपर दे."

मी कोपर पुढे केलं. आम्ही निघालो. मी समोर पाहत होते, पण खरं तर कुठेच पाहत नव्हते. वळणाच्या थोडं अलीकडे काकूंनी एकदम माझं कोपर मागे ओढलं आणि मला थांबवलं. मी खाली पाहिलं. पायापुढे खड्डा होता, काकाजी आजारी पडण्याआधी पाण्याच्या नळासाठी खणलेला आणि तेव्हापासून अर्धवट बुजवलेला.

"इथं खड्डा हाय," काकू म्हणाल्या. "त्यायनं तुले नाही का सांगतलं?"