दोन रुपयांची चोरी

हसायचं असेल तर खुशाल हसा, फक्त मध्ये थांबवू नका, कारण एकदा थांबले तर पुढचं सांगायचा मला धीर व्हायचा नाही. मूर्खपणा माझाच आहे, आणि तो मी पूर्ण शुद्धीत, चष्मा लावून केलेला आहे.

एकतीस वर्षं मी शाळेत इंग्रजी शिकवलं. त्यामुळे मोबाइल पुढे करून "हे काय आलंय बघ ना" म्हणत दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहणाऱ्या माणसांची मला मनापासून कीव येते. कीव कसली, तिटकाराच. माझी धाकटी जाऊ सुमन त्यातलीच, असं माझं मत. मी दादरला राहते, ती लालबागला, आमच्या सासरच्या जुन्या घरात. साड्यांना फॉल-पिको करते, बोलते मालवणी, आणि फोनवरचं कुठलंही बटण दाबण्याआधी देवाचं नाव घेते.

दिवाळीत आमच्या नणंदेच्या मुलीनं, केतकीनं, आम्हा दोघी माम्यांना एकेक गिफ्ट कार्ड दिलं. दिसायला बँकेच्या कार्डासारखंच, फक्त आत पैसे आधीच भरलेले. सुमननं ते उलटंसुलटं करून पाहिलं आणि दुकानात नुसतं दाखवलं तर चालेल का, असं विचारलं. तिला शिलाईचं मोटरवालं मशीन हवं होतं. पायानं मशीन मारून मारून तिचे गुडघे गेले होते. केतकी म्हणाली, चालेल की.

मला हसू आलं. कार्ड घेऊन पुन्हा दुकानातच उभं राहायचं, तर नोटांनी काय घोडं मारलं होतं? मी दोघींना ऐकवलं की शहाणी माणसं असलं कार्ड आपल्या ऑनलाइन पेमेंटच्या खात्याला जोडतात आणि वस्तू घरी मागवतात. मला ह्यांच्यासाठी आरामखुर्ची मागवायची होती. सुमननं मान डोलावली. तिला काही कळलं नसणार, हे मी तेव्हाच ठरवून टाकलं.

पाच-सहा दिवसांनी सकाळी मी खातं उघडलं आणि कार्डावरचे सोळा आकडे भरले. स्क्रीनवर इंग्रजीतला लांबलचक मजकूर आला. असले मजकूर कोण वाचतं हो? खाली 'मान्य' होतं, ते दाबलं. मिनिटभरात मेसेज आला, तुमच्या कार्डातून दोन रुपये वजा झाले.

मी तर काहीच विकत घेतलं नव्हतं. मग दोन रुपये घेतले कोणी?

तुम्ही असतात तर सोडून दिलं असतं. पण मी पेपर वाचणारी बाई. हे चोर आधी दोन रुपये काढून बघतात, कोणी ओरडत नाही असं दिसलं की सगळंच साफ करतात. पहिलं काम म्हणजे मी तो मेसेज पुसला. न जाणो, त्यातूनच कोणी आत शिरायचं. मग घरच्या ग्रुपवर लिहिलं की केतकीनं आणलेली कार्डं फसवी आहेत, कोणी हात लावू नये. केतकीचे लागोपाठ तीन फोन आले. मी उचलले नाहीत. जिला स्वतःला फसवलेलं कळत नाही, ती मला काय समजावणार?

मग कात्री घेतली आणि सोळा आकड्यांचे सोळा तुकडे केले. अर्धे माझ्या कचऱ्यात टाकले. उरलेले पुडीत बांधून, कात्रीसकट लालबागला नेले, कारण सगळे एका डब्यात टाकले तर कोणीही जोडत बसेल. दोन रुपयांच्या चोरीपायी टॅक्सी केली, हेही सांगून टाकते.

सुमन भाकऱ्या थापत होती. मी उभ्या उभ्या सगळं सुनावलं आणि कार्ड मागितलं. ती जरा बसा, चहा घ्या म्हणाली, मी म्हटलं चहा नको, कार्ड दे. तिनं माझ्या हातातल्या कात्रीकडे पाहिलं. मग हात धुऊन आतून कार्ड घेऊन आली. काहीतरी सांगायला लागली होती, पण मी कसली ऐकतेय. तिचंही कार्ड कापलं. एवढ्या संकटातून वाचवलं तरी ही बाई साधे आभार मानत नाही, असं मनात म्हणत घरी आले.

संध्याकाळी केतकी ऑफिसातून थेट माझ्याकडे आली. चिडली असती तर बरं झालं असतं, पण ती चिडली नव्हती. तिनं माझा फोन घेतला, खात्यातला तो मजकूर पुन्हा उघडला आणि माझ्यासमोर धरला.

"मोठी मामी, हे वाच."

वाचलं. कार्ड तुमचंच आहे ना हे तपासायला आम्ही दोन रुपये कापू, त्या मेसेजमध्ये चार आकडे येतील, ते इथे भरा, दोन रुपये परत मिळतील. अगदी साधं, स्वच्छ इंग्रजी. आठवीतल्या एखाद्यानं असा उतारा न वाचता उत्तर लिहिलं असतं, तर मी त्याला वर्गाबाहेर उभं केलं असतं.

केतकीनं मदतकेंद्राला फोन लावला. त्यांनी कार्डाचा पूर्ण नंबर विचारला, खात्यात तर शेवटचे चारच आकडे दिसत होते. निम्मा नंबर दादरच्या कचऱ्यात होता आणि निम्मा लालबागच्या, आणि तोवर दोन्हीकडचा कचरा गाडी घेऊन गेली होती. पावती नव्हतीच, ती कार्डं केतकीला तिच्या ऑफिसनं दिली होती आणि तिनं स्वतःला एकही न ठेवता आम्हाला दिली होती.

आरामखुर्ची गेली त्याचं काही नाही. जुनी खुर्ची चांगली आहे, एवढंच हे म्हणाले. पण सुमनचं मशीन मी माझ्या हातानं कापलं होतं.

सकाळी मी लालबाग गाठलं. माफी मागायची आणि माझ्या पेन्शनमधून तिला मशीन घेऊन द्यायचं, असं ठरवूनच निघाले होते. दारापर्यंत पोचले तर आतून घर्रर्र आवाज. सुमन नव्या कोऱ्या मशीनवर बसून फॉल लावत होती.

माझा चेहरा पाहून तिनं मशीन बंद केलं. "वैनी, ह्या मशीन दिवाळीतच घेतलंय मिया, ता कार्ड दुकानात दाखवून. काल सांजेक घरी पोचला. तुमी कापलात ता कार्ड रिकामा होता."

मग काल बोलली का नाहीस, मी कसंबसं विचारलं.

"बोलान काय उपयोग?" सुमन शांतपणे म्हणाली. "तुमी कात्री घेवन इलात. म्हटला, कायतरी कापल्याबिगर तुमी काय शांत होवचात नाय."