‘झालं’ नावाचं बटण

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी आम्ही दोघांनी प्रोजेक्ट म्हणून मोबाइलवरचं एक साधं ॲप करायला घेतलं. विद्यार्थ्याने आपली कामं लिहायची, तारीख टाकायची, ॲपने आठवण करून द्यायची आणि काम उरकलं की ‘झालं’ हे बटण दाबायचं. बस. पार्टनर पनवेलजवळच्या विचुंबे गावचा. कोडिंग त्याचं, डिझाइन आणि आरडाओरडा माझा.

प्रोजेक्टच्या सरांची अट होती की वर्गातल्या वीस जणांनी ते महिनाभर वापरायला हवं. नाहीतर तोंडी परीक्षेला बसू देणार नाही, म्हणजे वर्ष गेलं. कँटीनचा वडापाव चारून मी वीस जण गोळा केले.

आठवड्याने बघते तर सगळ्यांची सगळी कामं ‘झालं’. सोमवारी असाइनमेंट मिळाली, सोमवारीच झालं! पहिल्या बाकावरच्या मुलीची वही मागितली. कोरी.

“अगं, एकाची लिहून झालीय ना? मग आपली झालीच. उतरवून काढायची फक्त,” ती म्हणाली.

माझं डोकं फिरलं. बटणाचं नाव ‘खरंच झालं’ केलं. तेही सगळ्यांनी दाबलं. मग लिहिलेल्या पानाचा फोटो टाकल्याशिवाय बटण चालणारच नाही, अशी सोय केली. वीस जणांनी वीस फोटो टाकले. वीसही पानांवर चहाचा तोच गोल डाग! मला रडूच यायचं बाकी होतं.

“कशाला जीव जाळतेस?” पार्टनर हसत म्हणाला. “आमी समदी अशीच. तुला म्हाईत नाय?”

मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही.

तोंडी परीक्षा घ्यायला बाहेरच्या कॉलेजातून एक बाई आल्या. वीस जणांच्या याद्या त्यांनी भराभर वर सरकवल्या आणि म्हणाल्या, “तुझी दाखव.”

मी ऐटीत दाखवली. सगळ्यात वर होतं: प्रोजेक्ट रिपोर्ट. झालं.

“छान. आण बघू.”

रिपोर्ट मी तीन दिवसांपूर्वी लिहून संपवला होता. प्रिंट आणि बाइंडिंग पार्टनर करणार होता, म्हणून लगेच बटण दाबून मोकळी झाले होते. मी त्याच्याकडे पाहिलं. त्याने खिशातून पेनड्राइव्ह काढला.

“मॅडम, झालाच हाय. प्रिंट तेवढी रायलीय.”

मला मान वर करवेना. बाईंनी माझ्या यादीतली ‘झालं’ची खूण स्वतःच्या बोटाने काढली आणि फोन परत दिला.

“पाच वाजेपर्यंत मी इथे आहे,” त्या म्हणाल्या. “रिपोर्ट माझ्या हातात येईपर्यंत बटण दाबू नकोस.”