थॉर्नकोटचा बॅरन आणि मिरजेची काकू

नाव : गुरुदत्त भालचंद्र हळबे. वय : अठ्ठेचाळीस. वर्ण : गव्हाळ. राहणार : केंब्रिज, प्रांत ऑन्टॅरिओ. व्यवसाय : मोटारींच्या कारखान्यात रंगखात्याचा इंजिनियर. पत्नी : एक. कन्या : एक, मराठी समजते, उत्तर इंग्रजीत देते. आई : छाया भालचंद्र हळबे, मयत. अन्य आई : निरंक.

सरकारदरबारी हा तपशील पूर्ण आहे. त्यात भर घालायचा खटाटोप गुरुदत्तने केला, त्याची ही हकिगत.

गुरुदत्तला वंशावळींचं वेड. हळब्यांच्या कुलवृत्तांताची नवी आवृत्ती निघायची होती आणि मिरज शाखा त्याच्याकडे होती. बेसमेंटमध्ये पिंगपाँगच्या टेबलावर सात पिढ्या पसरलेल्या असत. २०१६च्या हिवाळ्यात शेजारचा कॉलिन आपला बर्फ उडवायचा स्नोब्लोअर परत न्यायला आला, त्याने ते टेबल पाहिलं, आणि दुसऱ्या दिवशी झेरॉक्सचं एक खोकं घेऊन हजर झाला. कॉलिन त्याच कारखान्यातून रिटायर झालेला. आपण सतराव्या शतकातल्या एका इंग्रज लॉर्डाचे वंशज आहोत, असं त्याला आईने सांगितलं होतं. आयांनी सांगितलेलं तपासायची पद्धत तिकडेही नाही.

खोक्यातून निघाला ऑस्मंड वेल्डन, थॉर्नकोटचा तिसरा बॅरन. राजा आणि पार्लमेंट यांची जुंपली तेव्हा याने दोन्हीकडे घोडे पाठवले. राजाला तरुण, पार्लमेंटला म्हातारे. राजाचं डोकं उडालं त्या दिवशी साहेब खोकल्याने अंथरुणात होते, आणि पुढचा राजा गादीवर बसेपर्यंत तो खोकला काही हटला नाही. पहिली बायको बाळंतपणात गेली, दुसरी देवीच्या साथीत. मुलं सहा. थॉर्नकोटच्या चर्चमध्ये बॅरनच्या थडग्यावर ती सहाही दगडात कोरलेली होती, एका रांगेत गुडघे टेकून. बापाच्या आधी गेलं त्याच्या हातात कवटी द्यायची, असा रिवाज. सहाही हातांत कवट्या होत्या.

मग बॅरनने बहिणीचा मुलगा आणला, फ्रान्सिस. आपलं आडनाव दिलं, घोड्यावर बसवलं, कुत्र्यासकट त्याचं चित्र काढून घेतलं. बॅरन मेला तशी पदवी बुडाली, हवेली दुसऱ्या बायकोच्या भावांनी घेतली, आणि फ्रान्सिस ब्रिस्टलच्या एका जहाज कंपनीत कारकून झाला. कॉलिन या कारकुनाचा वंशज.

गुरुदत्तने तक्ता काढला आणि फ्रान्सिसला दुहेरी रेघेने थेट बॅरनच्या खाली बसवलं.

"हे काय?" कॉलिनने बोट ठेवलं.

"दत्तक. आमच्यात असंच दाखवतात."

"नो नो, गुरू. तो त्याचा मुलगा नव्हता."

"वाढवला कुणी?"

"त्याने."

"नाव कुणाचं?"

"त्याचंच. पण ब्लड, बडी. ब्लड नाही, तर पदवी नाही."

रात्री जेवताना गुरुदत्त रंगात आला. "अर्ध्या जगावर राज्य केलं, पण एक पोर रीतसर मांडीवर घ्यायचं सुचलं नाही यांना! शास्त्रात भाच्याला हरकत होती, पण आपल्याकडे त्यातूनही कुणी वाट काढली असती. घराणं बुडवलं नसतं."

त्याची बायको सीमा पोळी लाटत होती. "ज्या मांडीवरून उचलतात, तिला विचारलंय का कधी कुणी?"

गुरुदत्तने आमटी वाढून घेतली.

कारण तो स्वतः उचललेला. तो सहा वर्षांचा असताना वडील, विनायक, गेले. थोरले काका भालचंद्र, ज्यांना सगळं मिरज भाऊसाहेब म्हणे, निपुत्रिक होते. विधी झाला, पेढे वाटले, रजिस्टर कचेरीत सह्या झाल्या. घर तेच, स्वयंपाकघर तेच. फक्त त्या दिवसापासून छायाकाकू आई झाली आणि आई मंदाकिनीकाकू झाली. दुसऱ्या दिवशी शाळेतून येऊन त्याने सवयीने "आई, भूक!" अशी हाक मारली. दोघी वळल्या. मग मंदाकिनीबाई पुन्हा चुलीकडे वळल्या आणि म्हणाल्या, "जाऊबाई, तुम्हांला हाक मारतोय तो."

भाऊसाहेब गेले, छायाबाई गेल्या. मंदाकिनीबाई मिरजेत एकट्या उरल्या, न्हाणीत दोनदा पडल्या. आईवडिलांना कॅनडात आणू देण्यासाठी २०१७मध्ये सरकारी सोडत निघाली, आणि जन्मात कधी लकी ड्रॉमध्ये साधा कुकर न लागलेल्या गुरुदत्तचं नाव त्यात निघालं. सीमाने खालची खोली रिकामी केली, न्हाणीत धरायला दांडे बसवले. पिंगपाँगचं टेबल गॅरेजमध्ये गेलं.

अर्ज भरताना सीमा म्हणाली, "पासपोर्टवर आई छाया, जन्मदाखल्यावर मंदाकिनी. आधी वकिलाला विचार."

"वकील कशाला? दत्तकपत्र जोडतो. सगळा उलगडा होईल."

दत्तकपत्राने माणसाची एक आई वाढते, अशी त्याची समजूत. त्याने त्याचं इंग्रजी भाषांतर करून घेतलं, नोटरी केली, वर एक वंशवृक्षही लावला, दुहेरी रेघेसकट.

उत्तर पुढच्या वर्षी आलं, अतिशय सभ्य. सदर दत्तकविधानाने अर्जदाराचे मंदाकिनी हळबे यांच्याशी असलेले पूर्वीचे नाते कायद्याने संपुष्टात आले असल्याने त्या अर्जदाराच्या माता ठरत नाहीत.

कॉलिनने ते अंगणातच दोनदा वाचलं. "पण शी इज ब्लड!"

"ते तुझ्या बॅरनला कळव," गुरुदत्त म्हणाला.

रविवारी त्याने मिरजेला फोन लावला. आज निदान आई म्हणायचं, असं ठरवून लावला. तोंडातून काकूच आलं.

"काकू, नाही म्हणाले ते."

"का रे?"

"नात्यात बसत नाही म्हणे."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. मंदाकिनीबाईंनी गॅस बारीक केला असावा, कारण आवाज जरा लांबून आला.

"बरोबर आहे त्यांचं. सही मीच केली होती." मग जवळ येऊन, "तिकडे घालायला घेतलेल्या त्या दोन स्वेटरांचं काय करू? शेजारच्या सुरुचीला होतील."

"देऊन टाक."

कुलवृत्तांत २०१९मध्ये छापून आला. दत्तक गेलेला मुलगा नव्या बापाखाली लिहायचा, मूळ शाखा बंद करायची, हा नियम. मिरज शाखेची पानं गुरुदत्तने स्वतः तपासली होती. तिथे नोंद आहे : विनायक, अल्पायुषी. पत्नी मंदाकिनी. संतती : निरंक.

मंदाकिनीबाईंना एकच मूल झालं. त्याचं नाव गुरुदत्त.