आलेखातला सा

दुपारी डबा खाऊन हेमलता कोष्टी स्टाफरूमच्या टेबलावर जरा डोकं टेकते, आणि डोळा लागला की नाही, तिचं तिलाच कळत नाही. चार वाजता रेणुका मगदूम येणार आहे, डेटा सायन्स सोडायच्या अर्जावर सही घ्यायला. रेणुकाला दिसत नाही. तिच्यासाठी हेमलतानं महिनाभर खपून दहा वर्षांच्या पावसाच्या आकड्यांचे सूर केले: पाऊस जास्त तर सूर वर, कमी तर खाली. पोरगी ऐकून म्हणाली, "मॅडम, मला नुसता गोंगाट ऐकू येतो." हेमलताला ते फार लागलंय.

टेबलावर आता लाकडाचा भुसा आहे. हे तर मिरजेतलं आप्पांचं, तिच्या वडिलांचं तंबोऱ्यांचं दुकान. पण भिंतीवर कॉलेजचा फळा कसा? आप्पा भोपळा घासत बसलेत. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली हे तिला आठवतं, पण तोंडावर कसं सांगणार?

"जेवलीस का?"

"जेवले. आप्पा, तुम्ही कॉलेजात कसे?"

"मी दुकानातच आहे. कॉलेज तू आत आणलंस."

बाकांवर तंबोरे ओळीनं बसलेत. यांची हजेरी घ्यायची का, हे तिला ठरवता येत नाही.

"वाजव तुझा पाऊस," आप्पा म्हणतात.

ती वाजवते. सूर वर जातात, खाली येतात. आप्पांची मान काही हलत नाही.

"कशाच्या वर आणि कशाच्या खाली? डोळस पोरांना फळ्यावर आधी आडवी रेघ मारून देतेस. तिला काय दिलंस? तंबोरेवाल्याची लेक तू, आणि सा द्यायला विसरलीस."

तिला रडूच येतं. "सरासरीचा सा लावू?"

"ते सरासरी वगैरे मला कळत नाही. हात इकडे कर." सूर घुमावा म्हणून जवारी लावताना तारेखाली घालतात तो दोरा आप्पा तिच्या बोटाला गुंडाळतात. "परत विसरशील. पहिल्यापासून वेंधळी तू."

"मॅडम, येऊ का?"

दारात रेणुका. भुसा नाही, आप्पा नाहीत, चार वाजलेत. हेमलता तिच्या हातातला अर्ज घेते आणि सही न करता मोबाइलवर तंबोरा सुरू करते. सरासरी पाऊस म्हणजे हा सा, एवढंच सांगून त्यावर पावसाचे सूर सोडते.

रेणुका भिंतीला टेकून ऐकते. "चौथं वर्ष 'सा'च्या पार खाली गेलं. दुष्काळ होता का, मॅडम?"

"होता."

 रेणुका अर्ज परत घ्यायला हात पुढे करते. बोटांना बोटं लागतात.

"मॅडम, बोटाला दोरा कशाला बांधलाय?"