सपाट फरशीचा उतार

असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. गाडीला लिंबू-मिरची बांधत नाही, अमावस्येलाही काम सुरू करतो. बावीस वर्षं कोल्हापुरात फरशी बसवतोय. माझा विश्वास पाणसळीवर... नळीतला बुडबुडा मधोमध आला की फरशी सपाट, विषय संपला. तरी हे लिहितोय, कारण दोन वर्षं झाली आणि डोकं अजून शांत होत नाही.

आमच्या पेठेत एक थिएटर होतं. नाव लिहीत नाही, मालक कोर्टात खेचणाऱ्यातला आहे. आधी तिथं नाटकं व्हायची, मग टॉकीज झालं. माझे वडील, आबा, तिथं डोअरकीपर. एकतीस वर्षं दुपारच्या तीन ते सहाच्या खेळाला हातात बॅटरी घेऊन त्यांनी लोकांना अंधारात खुर्चीपर्यंत पोचवलं. टॉकीज बंद पडल्यावर खताचं गोडाऊन झालं. मग स्टेजकडे उतरत जाणारी जमीन भरून सपाट केली आणि मंगल कार्यालय झालं. माझं लग्न तिथंच झालं.

मग हा मालक आला. निदान दर्शनी कमान तरी ठेवा, असा पेठेतल्या लोकांनी अर्ज केला. तो हो म्हणाला, आणि आठवड्याभरात जेसीबी लावून कमानीसकट सगळं पाडलं. खाली दोन मजले खोदून पार्किंग, वर कापडाचं शोरूम. म्हणजे जुन्या थिएटरची एक वीटसुद्धा तिथं शिल्लक नाही... जमीनही नाही, नुसता नवा स्लॅब.

तळमजल्याची फरशी मीच बसवली. काम सोडायला हवं होतं, पण सोडलं नाही. आबा महिनाभर माझ्याबरोबर जेवायला बसले नाहीत.

उद्घाटनानंतर चौथ्या दिवशी मालकाचा फोन. फरशीला उतार आहे, चाकाचे स्टँड आपोआप मागं सरकतात. मी सकाळी अकराला गेलो. पाणसळ लावली, लेझर लावला. सुताचाही फरक नाही. मालकानं गिऱ्हाइकांसमोर मला चोर म्हटलं. म्हणाला, पळू नकोस, दुपारी बघ.

तीन वाजले, आणि शर्टांचा एक स्टँड हलला. जवळ कुणी नव्हतं. सावकाश मागच्या भिंतीकडे निघाला. मी बेअरिंगची एक गोळी दारापाशी ठेवली. ती घरंगळत गेली आणि मागच्या भिंतीच्या दहा फूट अलीकडे थांबली. गोळीच्या वाटेवर पाणसळ ठेवली — बुडबुडा मधोमध. फरशी सपाट, आणि गोळी पळतीय. सहा वाजता सगळं जाग्यावर थांबलं.

मी मालकाला पाणसळ दाखवली. त्यानं बघितलीही नाही. सगळी फरशी उचकटायला लावली. मी पदरमोड करून पुन्हा बसवली, चार दिवस दुपारी गोळी सोडून बघितली, आणि पुन्हा तेच. मग त्यानं शहरभर माझं नाव खराब केलं. ठरलेली तीन कामं हातची गेली. एका बिल्डरनं तर तोंडावर सांगितलं, तुझ्या फरशीवर म्हणे स्टँड पळतात.

तेव्हा मी आबांना तिथं नेलं. का, ते मलाच नीट सांगता येणार नाही. काचबिंदूनं त्यांची नजर गेलेली, नुसता उजेड कळतो. उताराबद्दल मी घरात एक अक्षर काढलं नव्हतं. नातीच्या लग्नाचं कापड बघू म्हणून नेलं. पोचलो तेव्हा तीनला पाच मिनिटं कमी होती.

दारातून आत आलो, तीन वाजले, आणि आबांनी माझा हात सोडला. टाचा रोवून, अंग मागं टाकून चालायला लागले... उतरणीवर चालतात तसे. मध्येच म्हणाले, "संजा, जपून. हितं पायरी हाय." पायरी नव्हती. पण त्यांनी पाय अलगद खाली टाकला, मी डोळ्यांनी बघितलं. मग ते एका जागी थांबले.

"हितनं फुडं न्हाय जायाचं. फुडं स्टेज हाय."

मी खाली बघितलं. गोळी रोज जिथं थांबायची तिथं मी पेन्सिलीनं बारीक खूण केली होती. आबांच्या चपलेचं टोक त्या खुणेवर होतं.

तेवढ्यात मालक ओरडत आला, आता या म्हाताऱ्याला कशाला आणलंस. आबा आवाजाच्या दिशेनं वळले. उभ्या जन्मात मी त्यांना कुणावर आवाज चढवताना ऐकलं नव्हतं, त्या दिवशीही चढवला नाही.

"पावणं, पोराची फरशी सपाट हाय. तुमी काय पाडलंय ते तुमास्नी म्हाईत न्हाय."

मालक हसला. माझी मूठ वळली होती, आबांनी ती तशीच धरून मला बाहेर आणलं.

नंतर त्यानं एक इंजिनिअर आणला. त्यानं स्लॅब, कॉलम, खालचं पार्किंग तपासलं आणि फरशीत दोष नाही असं लेखी दिलं. स्टँड का हलतात, ते मात्र लिहिलं नाही. मालकानं माफी मागितली नाही. स्टँडची चाकं काढून टाकली, बस.

गेल्या महिन्यात शोरूमही उठलं. आता तिथं जिम होणार म्हणे. नव्या कंत्राटदाराचा फोन आला होता, जुनी फरशी लेव्हलला आहे का विचारत होता. मी म्हणालो, आहे, पण दुपारी तीननंतर एकदा गोळी सोडून बघा. का, असं त्यानं दोनदा विचारलं.

मला माहीत असतं तर सांगितलं असतं.